जांभळा मूळचाच

एखाद्या भाषेतले मूळ रंगशब्द कोणते, हे ठरवण्यासाठी ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ साली चार मुख्य कसोट्या मांडल्या. शब्द एकसंध हवा. त्याचा रंग दुसऱ्या रंगाच्या पोटात मोडता कामा नये. तो मोजक्या वस्तूंपुरता बांधलेला नसावा. आणि तो भाषकांना चटकन सुचावा, त्याच्या अर्थाबद्दल त्यांचे एकमत असावे. या हिशेबाने इंग्रजीत अकरा शब्द निघाले. रशियनमध्ये गडद निळ्याला ‘सीनी’ आणि फिकट निळ्याला ‘गलुबोय’ असे स्वतंत्र शब्द असल्याने तिथे बारा भरतात. तेव्हा अकरा हा आकडा काही ब्रह्मवाक्य नव्हे.

वस्तूवरून आलेला शब्द मूळ नव्हेच, असा एक पक्ष आहे. तो मानला तर मराठीतून जांभळा, गुलाबी, तपकिरी बाद होतात. पण मग तांबडाही जातो, कारण तो तांब्यावरून आला. लाल फारसीतला, म्हणून उसना. या न्यायाने रक्ताचा रंग सांगायला मराठीत मूळ शब्दच उरत नाही! बर्लिन आणि के यांनी व्युत्पत्तीची कसोटी फक्त संशयित शब्दांसाठी राखली होती. एरवी संत्र्यावरून आलेला ‘ऑरेंज’ त्यांच्या अकरांत बसलाच नसता.

पांढरा-पांढरी-पांढरे असा लिंगवचनाप्रमाणे बदलतो तोच अस्सल, हा युक्तिवादही टिकत नाही. लाल कधीच बदलत नाही. उलट गोरा छान चालतो, पण कातडीच्या वर्णापलीकडे जात नाही. गोरा कागद कोणी म्हणत नाही.

निवाडा वापरावरच व्हायला हवा. पिकलेले जांभूळ दिसते जवळजवळ काळे. जांभळा म्हणजे ते खाल्ल्यावर जिभेवर उरतो तो रंग. शाई, वांगे, साडी, कशालाही तो चालतो, म्हणजे शब्दाने फळ केव्हाच सोडले आहे. तपकिरीची डबी आयुष्यात न पाहिलेले पोरही खडूच्या पेटीतला तपकिरी बिनचूक उचलते. याउलट आमसुली, डाळिंबी, मोरपंखी हे मुख्यतः साडीच्या दुकानातले; आमसुली डोंगर कानावर येत नाही. पोपटी हिरव्यातच मोडतो. भगवा झेंड्याशी आणि वस्त्राशी बांधलेला.

खरी अडचण लाल-तांबड्याची. माती तांबडी, कोल्हापुरी रस्सा तांबडा, पहाटे फुटते तेही तांबडेच. शाई आणि सिग्नल मात्र लाल. दोघांत कोणीच कोणाच्या पोटात बसत नाही. एका रंगाला एकच मूळ शब्द हवा, हा हट्ट इथे सोडावा आणि दोघांना एकाच जागेचे मानकरी मानावे.

अशा रीतीने पांढरा, काळा, लाल-तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा, गुलाबी आणि तपकिरी या नऊ जागा पक्क्या होतात. नारिंगी अजून केशरीशी झगडतो आहे, आणि करडा व राखाडी यांच्यात एकमत नाही. त्या दोन जागा सध्या रिकाम्या ठेवणेच योग्य.