आरोग्यसेविकेचा टॅब बदलताय? २०२१ आठवा

२०२१ ला राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. २ जीबी रॅमवर ॲप चालेना, फोन तापायचे, दुरुस्तीचा खर्च ताईंच्याच माथी. वरून पोषण ट्रॅकर इंग्रजीत!

आता उपकेंद्राचा जुना टॅब बदलताना नुसती किंमत बघून भागणार नाही. वाडीवर रेंज नसते. बीपी, हिमोग्लोबिन तिथंच भरता यावं, रेंज आल्यावर आपोआप वर जावं. नाहीतर दिवसा वही अन् रात्री टॅब.

सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या नोंदी नव्या टॅबात दिसतात का? गरोदर बाईचं बीपी मागच्या खेपेला ११०/७० होतं, आज १४०/९० आहे, तर हा फरक सेविकेला तिथल्या तिथं कळायला हवा. दुरुस्ती तालुक्यातच होते का, तेही खरेदीआधीच विचारा.