दाखल्यावर सही करण्यापूर्वी

गेल्या ज्येष्ठात, पहिली सर पडून गेल्यावर ओल्या काळ्या मातीचा वास बाह्यरुग्ण कक्षात दरवळत होता अशा एका सकाळी, आमच्या परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गॅरेजात काम करणारा बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण, उजव्या हाताचे पक्के प्लास्टर स्वतःच्याच करवतीने कापून काढून माझ्यासमोर येऊन बसला आणि खिशातून चौघडी घातलेला एक छापील नमुना त्याने टेबलावर उलगडून ठेवला. "साहेब, सहा आठवडे झाले. आता काहीच दुखत नाही. एवढी सही करून द्या. नाव नोंदवायची मुदत शनिवारी संपते." नमुना शारीरिक पात्रतेच्या दाखल्याचा होता, आणि पुण्याला मातीच्या मार्गावर होणाऱ्या मोटारसायकलच्या शर्यतीत उतरण्यासाठी त्यावर वैद्याची सही आणि शिक्का त्याला हवा होता.

त्याची हकीकत आपल्यापैकी कोणालाही अपरिचित वाटू नये. पडीक रानात मातीचा ढिगारा रचून त्यावरून उडी घेण्याचा सराव करताना तो पसरलेल्या तळहातावर पडला. जवळपासच्या कोणा जाणत्याने मुकामार म्हणून तेल लावून चोळून दिले. सूज उतरली, पण अंगठ्याच्या मुळाशी ठसठस राहिली. नवव्या दिवशी काढलेल्या क्ष-किरण चित्रात स्कॅफॉइड या नावेच्या आकाराच्या लहानशा हाडाच्या मध्यभागी केसाएवढी रेघ दिसली, आणि तेव्हा कोठे प्लास्टर चढले. मी त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, दोन कंडरांच्या मधल्या खळग्यात, बोटाने हलकेच दाबले. "दुखत नाही" असे तो त्या क्षणीही म्हणतच होता, परंतु त्याच्या भुवया आकसल्या. मग त्याला मी अंगणात नेले. त्याच्याच गाडीवर, ती स्टँडवर असताना, त्याला उभे राहायला सांगितले. पायांनी पायटे दाबून, गुडघे वाकवून, उजवी मूठ उघडी ठेवून दोन बोटांनी पुढचा ब्रेक आवळायला सांगितले. ब्रेकची दांडी निम्म्यावर थांबली, बोटांची टोके पांढरी झाली आणि कोपर आपोआप वर उचलले गेले. कारण मनगट मागे वळत नव्हते आणि त्याचे काम खांदा करू पाहत होता. तो स्वतःच गाडीवरून खाली उतरला. सही मी केली नाही.

या प्रसंगावर संपादकीय लिहिण्याचे कारण असे की, हा विषय परभणीपासून दूरचा आहे असे मानण्याचे दिवस आता राहिले नाहीत. शर्यत म्हटली की आमच्याकडील वृद्धांना अजून शंकरपटच आठवतो. परंतु जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या व्यावसायिक लीगची पहिली फेरी झाली, आणि मातीच्या उंचवट्यांवरून मोटारसायकली हवेत उडताना आमच्या गावोगावच्या मुलांनी आपापल्या मोबाइलवर पाहिल्या. नाशिक व पुणे येथील शर्यतींचा नाद पूर्वी तेथील मुलांपुरता होता; आता तो जिंतूर-सेलूपर्यंत पोहोचला आहे. या मुलांची मनगटे मोडल्यावर ती प्रथम कोणा विख्यात क्रीडावैद्याकडे जात नाहीत. ती आपल्याकडे येतात.

मनगटाचा अस्थिभंग म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात कोलेसचे नाव येते. डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी 1814 साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी 81 वर्षे, केवळ हाताच्या बोटांनी चाचपून रेडियसच्या खालच्या टोकाच्या भंगाचे जे वर्णन लिहून ठेवले ते आजही वाचून आदर वाटावा असे आहे. अंगणात घसरून पडलेल्या आजीच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर गरम पाण्यात हालचाल, आणि ती भाकरी थापू लागली व लुगडे पिळू लागली म्हणजे आपले काम झाले, हा आपला परिपाठ तेथूनच रूढ झाला, आणि आजीपुरता तो योग्यही आहे. दोष एवढाच की हे सहा आठवडे आपण एखाद्या तिथीप्रमाणे सर्वांनाच सांगतो, आणि मोडलेले हाड रेडियस आहे की स्कॅफॉइड, ते कोठे मोडले आहे आणि बरे झालेल्या हाताकडून पुढे कोणते काम घ्यावयाचे आहे, हे तीनही प्रश्न त्या एका आकड्याखाली गाडले जातात.

स्कॅफॉइडचे दुर्दैव त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. त्याच्या बहुतेक रक्तवाहिन्या बोटांकडील टोकाजवळून आत शिरतात आणि तेथून उलट्या दिशेने कोपराकडील टोकाला रक्त पुरवितात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाकडे ज्यांचे रान आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको: चारी मध्येच फुटली की वरचे रान भिजते आणि खालचे कोरडे पडते. हाड मध्यावर मोडले तर ते जुळावयास आठ ते बारा आठवडे लागणे स्वाभाविक आहे. कोपराकडील टोक मोडले असेल तर तीन महिने ते सहा महिने, आणि तरीही ते टोक रक्ताअभावी मृत होण्याचे भय राहतेच. त्यातून रुग्ण विडी ओढणारा असेल तर हा काळ आणखी लांबतो, व ही गोष्ट त्याला पहिल्या भेटीतच स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. न जुळलेले स्कॅफॉइड काही वर्षे मुकाट्याने राहते, आणि मग सांध्याची कूर्चा झिजवीत झिजवीत चाळिशीच्या आत मनगट निकामी करते. पहिल्या चित्रात रेघ न दिसणे ही या हाडाची जुनी खोड आहे. म्हणून खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर चित्र निर्दोष दिसले तरी अंगठ्यासह स्लॅब लावावा, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे, आणि शक्य तेथे एमआरआय वा सीटी करून घ्यावे. आमच्या तरुणाचे नऊ दिवस तेलात गेले, आणि ते नऊ दिवस त्याला पुढे महाग पडले.

आता वेदनेविषयी. दुखत नाही ही रुग्णाची साक्ष आपण फार सहज मान्य करतो. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दैनंदिन कामांना मनगटाची हालचाल किती लागते याचे मोजमाप केले गेले, तेव्हा मागे 30 अंश आणि पुढे 5 अंश एवढ्यात बहुतेक कामे उरकतात असे दिसून आले. निरोगी मनगट मात्र मागे सुमारे 70 अंश वळते. या दोन आकड्यांमधील अंतरातच शर्यतीच्या स्वाराचा घात दडलेला आहे. तो जेवतो, शर्टाची बटणे लावतो, गॅरेजात पाना फिरवितो, बाजारातून भाजीची पिशवी आणतो, आणि हात पूर्ण बरा झाल्याचा प्रामाणिक समज करून घेतो. परंतु उडीनंतर गाडी जमिनीवर आदळते तेव्हा त्याच्या तळहातावर येणारा भार मनगटाला मागे रेटीत नेतो, त्याच क्षणी त्याच हाताने मूठ सांभाळावयाची असते, आणि गाडीचा वेग आवरणाऱ्या बलाचा मोठा भाग ज्या पुढच्या ब्रेककडून येतो तो ब्रेकही उजव्या हाताच्या बोटांतच असतो. ब्रेक अर्धाच आवळला गेला तर त्याच्या पुढे जाणाऱ्या स्वाराचाही जीव धोक्यात येतो. म्हणून हा दाखला केवळ एका रुग्णापुरता खाजगी कागद नाही.

हे तरुण आपल्याला उदाहरणे देतात, आणि त्यांची उत्तरे आपल्यापाशी असली पाहिजेत. मोटोजीपी या मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींतील स्वार होर्हे लोरेन्सो याने जून 2013 मध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे गळ्याचे हाड मोडल्यावर विमानाने बार्सिलोनास जाऊन प्लेट बसवून घेतली, तो परत आला आणि शनिवारच्या शर्यतीत पाचवा आला, ही गोष्ट त्यांना तोंडपाठ असते. परंतु सुमारे दोनच आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, ती प्लेट वाकली आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, हा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. त्याच शर्यतींतील मार्क मार्केसचे उदाहरण याहून बोलके आहे. 19 जुलै 2020 रोजी स्पेनमधील हेरेथ येथे त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले, मंगळवारी प्लेट बसली, गुरुवारी वैद्यकीय तपासणीत त्याने जोर काढून दाखविले, त्याला पात्र ठरविण्यात आले आणि शनिवारी तो मार्गावर उतरला. परंतु हाताने साथ न दिल्याने त्याला माघार घ्यावी लागली. ऑगस्टच्या आरंभी ती प्लेट निकामी झाली, डिसेंबरात तिसरी शस्त्रक्रिया होऊन हाडाचे कलम करावे लागले, त्यात जंतुसंसर्ग आढळला, एप्रिल 2021 मध्ये तो परतला, आणि जून 2022 मध्ये अमेरिकेत चौथी शस्त्रक्रिया झाली. पुन्हा जगज्जेतेपद मिळावयास 2025 चा सप्टेंबर उजाडला. जोर काढता येणे ही स्नायूंची आणि जिद्दीची साक्ष आहे; हाड जुळल्याची ती साक्ष नव्हे. मनगटापुरतेच बोलावयाचे तर केसी स्टोनर या 2007 च्या जगज्जेत्याचे जुने, नीट न जुळलेले स्कॅफॉइड त्याला पुन्हा छळू लागले आणि 2008 चा मोसम संपल्यावर त्यावर हाडाचे कलम करावे लागले.

मग या मुलांना शर्यत सोडून द्या असे सांगावे काय? माझे मत तसे नाही. ज्याला आपण मनाई करतो तो दुसऱ्या दारी जाऊन सही घेतो, आणि आपल्या नजरेबाहेर गाडीवर बसतो. त्याला वाट दाखविली तर तो थांबतो, असा माझा अनुभव आहे. बोटे, कोपर व खांदा यांची हालचाल प्लास्टर चढल्याच्या दिवसापासून चालू ठेवावी. याकडे झालेल्या दुर्लक्षामुळे किती हात आखडतात हे भौतिकोपचार करणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंना विचारावे. स्क्रू बसविला तर मनगट लवकर हलविता येते हे खरे, आणि टिमोथी हर्बर्ट यांनी ऑस्ट्रेलियात घडविलेल्या डोके नसलेल्या स्क्रूने 1984 नंतर या हाडाच्या उपचारात मोठीच क्रांती केली. परंतु स्क्रू दोन तुकडे आवळून धरतो, त्यांना जुळविण्याचे काम शेवटी हाडालाच करावे लागते, हे रुग्णाच्या वडिलांसमक्ष सांगितलेले बरे. जुळणी सीटीत दिसल्यानंतरच भार द्यावा: आरंभी ओले फडके पिळणे, मग दोन्ही तळहात भिंतीवर टेकणे, त्यानंतर टेबलावर, आणि अखेरीस जमिनीवर. जमिनीवर दोन्ही हात समान टेकले जातील तेव्हा सायकल घेऊन खडबडीत पांदीतून फिरावयास सांगावे, कारण सततचे हादरे मनगटाला काय सांगतात हे कोणत्याही दवाखान्यात कळत नाही. मोटारसायकल त्याच्याही नंतर, आणि पहिली उडी सर्वांत शेवटी.

पकडीचे बळ मोजण्याचे साधे यंत्र आज तालुक्याच्या ठिकाणीही विकत घेता येते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात स्वभावतःच डाव्यापेक्षा सुमारे दहा टक्के बळकट असतो, ही गोष्ट हिशेबात धरून मी दुसऱ्या हाताच्या नऊ-दशांश बळाखाली कोणालाही शर्यतीची मुभा देत नाही. हा माझा दंडक आहे, शास्त्राचा हुकूम नव्हे, आणि यापेक्षा चांगला दंडक कोणी सुचविला तर या मासिकाची पाने त्याला खुली आहेत.

या मासिकाच्या वाचकांकडे माझी मागणी एवढीच आहे: दाखल्यावर "तंदुरुस्त आहे" हे दोन शब्द लिहून शिक्का मारू नये. जुळणी कोणत्या तपासणीत व कोणत्या तारखेला पाहिली, दोन्ही मनगटे मागे किती अंश वळतात, आणि पकडीचे बळ दोन्ही हातांत किती आहे, या तीन नोंदी सहीच्या वर आपल्या हस्ताक्षरात कराव्यात. शर्यतीच्या आयोजकांनी त्या मागितल्या नसल्या तरी कराव्यात. प्रथम पाहणाऱ्या वैद्यांनी आपल्या चिठ्ठीवर खळग्यातील दुखण्याचा उल्लेख करावा, म्हणजे पुढे पाहणाऱ्याला दिशा मिळेल. गेल्या वर्षभरात आपल्याकडे आलेल्या मनगटाच्या अस्थिभंगांपैकी स्वारांची टिपणे, रुग्णाचे नाव व गाव वगळून, कृपया या कार्यालयाकडे पाठवावीत. निदान व्हावयास किती दिवस लागले एवढे जरी त्यात आले तरी पुढील अंकात त्यावर सविस्तर लिहिता येईल.

तो तरुण त्या शनिवारी पुण्याला गेला नाही. सीटीत भेग उघडी दिसली, तुकडे मात्र सरकलेले नव्हते. स्क्रू आणि प्लास्टर हे दोन्ही मार्ग त्याच्यापुढे ठेवल्यावर त्याने पुन्हा प्लास्टर पत्करले, आणि बाराव्या आठवड्यात हाडाचा निम्म्याहून अधिक छेद जुळलेला आढळला. त्याचे उजवे मनगट आज मागे 55 अंश वळते, डावे 70. तो दर सोमवारी येतो, आणि त्याचा कोरा नमुना अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.