एसयूव्ही उंच करावी की टायरची हवा तपासावी? मोठ्या गाडीत घरी काय करता येतं, कशाला हात लावू नये

सुट्टी लागली, गावी जायचं ठरलं. सात माणसं, तेवढ्याच बॅगा आणि दारात उभी असलेली मोठी एसयूव्ही. निघण्याआधी मोबाईलवर रील दिसतं: स्प्रिंगमध्ये रबराचे बफर घाला, मोठे टायर लावा, गाडी रस्त्यावर चिकटून चालेल. खरंच असं होतं का?

प्रश्न महत्त्वाचा आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या दर १०० प्रवासी गाड्यांपैकी साधारण ६५ एसयूव्ही किंवा एमपीव्ही प्रकारातल्या होत्या. शिवाय ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झालाय. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. शहरात ४०च्या वेगाने लक्षात न येणारी चूक त्या वेगाला जीवावर बेतू शकते.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

"ऊन आहे, टायर फुटेल, थोडी हवा कमीच ठेवा." हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. तो चुकीचा आहे.

हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या हालचालीतून उष्णता तयार होते. वेग जास्त, गाडी भरलेली आणि रस्ता तापलेला असेल, तर टायरचे आतले थर सुटू लागतात आणि तो फुटतो. म्हणजे हवा कमी करून आपण ज्याला घाबरतो, तेच ओढवून घेतो.

मग किती हवा भरायची? बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर अनेकदा दोन आकडे असतात: कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. दुसऱ्या आकड्यात मागच्या टायरची हवा सहसा जास्त असते. रोज एकटे ऑफिसला जाणारे आपण सात माणसं बसवूनही तीच हवा ठेवतो. मग वळणावर गाडीची मागची बाजू डोलते आणि आपण सस्पेन्शनला दोष देतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. चालून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसणारच, ते पाहून हवा सोडू नका. स्टेपनीही तपासा.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. '२३१९' असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. नक्षीच्या खाचांमधले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकले, की टायर बदलायची वेळ झाली. घासलेले टायर असलेल्या गाड्या रोखण्यासाठी आरटीओने २०२३ मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर तपासणीही केली होती.

मोठे टायर लावले तर?

२६५/६५ आर १७ या टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर भरतो. २६५/६० आर १८ चा ७७५. रिम एक इंचाने मोठी झाली, पण टायरची एकूण उंची तीच राहिली. कंपन्या हे मुद्दाम जुळवतात. त्याऐवजी २६५/७० आर १७ लावला, तर व्यास ८०३ होतो. मग स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा साडेतीन टक्के कमी वेग दाखवतो आणि मोठं, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो.

आणि गाडी उंच केली तर?

उंच गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर असतो. बफर किंवा लिफ्ट किटमुळे तो आणखी वर जातो आणि अचानक स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. चाकांचं अलाइनमेंट बिघडतं. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कंपनीच्या मूळ उंचीसाठी जुळवलेली असते, हेही लक्षात घ्या.

टपावर जड बॅगा बांधल्या तरी गुरुत्वमध्य वर जातो. जड सामान डिक्कीत, तळाला आणि सीटला टेकवून ठेवा. टपावर हलकं तेवढंच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याची सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिली होती. बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

मग घरी काय करता येतं?

- सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर ऑइल बघा. ते दोन खुणांच्या मध्ये हवं.
- कूलंटची पातळी बाटलीवरच्या खुणेवरून तपासा. गरम इंजिनचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.
- एअर फिल्टर आणि वायपर मॅन्युअल पाहून बदला.
- अनेक बीएस-६ डिझेल एसयूव्हीत डीईएफ हे द्रव लागतं. ते घरी भरता येतं. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, तर गाडी अजिबात सुरू करू नका, टोइंग बोलवा.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन मात्र जाणत्या मेकॅनिककडेच द्या. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी चारही टायरची हवा बघा. मग अलाइनमेंट करून घ्या. बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं आणि बफरचा खर्चही वाचतो.