पुरात बुडालेल्याकडे पुरावा मागता?

पाणी उतरलं की घरात पहिला पाय टाकते ती त्या घरची बाई. पायाखाली फरशी आहे की सारवलेली जमीन, हे तिला कळत नाही, कारण वर घोटाभर गाळ आहे. भिंतीवर कमरेच्या उंचीला पाण्याने ओढलेली तपकिरी रेघ आहे. कूलर आडवा झाला आहे, रिकामं सिलिंडर तरंगत जाऊन न्हाणीच्या दारात अडकलं आहे. गोधड्यांनी इतकं पाणी धरलं आहे की एक उचलायला दोघं लागतात. ती गव्हाच्या ड्रमचं झाकण काढते. वरचा गहू कोरडा दिसतो, कोपरापर्यंत हात घातला की खाली लगदा. आज तो फुगेल, उद्या आंबेल, परवा त्याचा वास शेजारच्या घरात जाईल. मग ती लोखंडी पेटी अंगणात ओढते आणि खाटेवर एकेक कागद नखाने सोडवून वाळत घालते. घरटॅक्सच्या पावत्या, आठ-अ, पोराची मार्कशीट, बँकेचं पासबुक. पासबुकातली शाई पसरून निळा डाग झाला आहे.

बोर नदीच्या काठच्या सेलू-घोराडला, नाल्याशेजारच्या सखल घरांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. आणि याच बाईला चौथ्या दिवशी पायाला चिखल न लागू देता उंबऱ्याबाहेर उभा असलेला साहेब विचारतो, ‘तुमचं नुकसान झालं याला पुरावा काय?’

पुरावा? पेटीतला कागद पुराने नेला, तो कागद पुराकडे मागा! ज्याचं पुरात गेलं त्याच्याकडेच पुरावा मागायचा, तो नसला तर त्याला खोटा ठरवायचं, आणि असला तर अपुरा ठरवायचा, ही सरकारची आणि विमा कंपन्यांची रीत निव्वळ अन्याय आहे. आम्ही तिचा धिक्कार करतो.

आधी सरकारचं घेऊ. आपत्ती निधीचे केंद्राचे निकष काय म्हणतात? घर वाहून गेलं, पूर्ण पडलं, किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं, तर कपड्यांसाठी 2,500 रुपये आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी 2,500 रुपये. दोन दिवस! हा नियम लिहिणाऱ्याने वर्धा जिल्ह्यातला नाला कधी पाहिला आहे का? आमच्या नद्यांना पाणी चढतं मध्यरात्री आणि ओसरतं दुसऱ्या दिवशी दुपारी. तेवढ्या वेळात ते गहू नासवतं, फ्रीज जाळतं, गाद्या संपवतं, शिलाई मशीनला गंज चढवतं. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीने मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसं नेली. तिला त्यासाठी काही तासच पुरले. ते पाणी दोन दिवस थांबलं नाही म्हणून मोवाड बुडालंच नव्हतं म्हणायचं?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरची माणसं छपरांवर बसून होड्यांची वाट पाहत होती. तेव्हा दहा किलो गहू आणि दहा किलो तांदळासाठी हीच दोन दिवसांची अट शासन निर्णयात झळकली आणि महाराष्ट्र संतापला. मग शिथिलता आली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरला चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमधली माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. तिथेही कुटुंबाला 10,000 रुपये आणि दुकानदाराला 50,000 रुपयांपर्यंत मदत जाहीर झाली ती आरडाओरड झाल्यावर. म्हणजे प्रत्येक पुरात नव्याने ओरडायचं, मंत्र्याने येऊन नव्याने उदार व्हायचं, आणि मूळ नियम होता तसाच फायलीत पडून राहायचा. नागपूर उपराजधानीचं शहर, तिथे कॅमेरे पोचतात. सेलूच्या एका मोहल्ल्यातली वीस घरं बुडाली तर कोणता कॅमेरा येणार आहे? आम्हाला उदारपणा नको. नियम बदलून हवा.

घराच्या पडझडीचा निकष तर त्याहून निर्दय. पक्क्या घराचं किमान 15 टक्के नुकसान झालं तर 6,500 रुपये, कच्च्याला 4,000. भिंत उभी आहे ना? मग नुकसान शून्य! पाण्याने भिंत पाडली नाही, भिंतीच्या आतला संसार नेला, हे पटवाऱ्याच्या रकान्यात बसत नाही. पटवाऱ्याला आम्ही दोष देत नाही. एकेकाकडे तीन-तीन गावं, वर पिकांचे पंचनामे. दोष रकाने आखणाऱ्याचा आहे.

आता विमा. ‘विमा का काढला नाही?’ असं पूरग्रस्ताला विचारणाऱ्यांनी आधी ऐकावं. घराच्या विम्याची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून आहे. तिच्यात पूर आहे. इमारतीचा विमा काढला की विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाखांपर्यंत, घरसामान आपोआप येतं आणि त्याची तपशीलवार यादी आधी द्यावी लागत नाही. कागदावर चांगली आहे. पण सेलूच्या बाजारपेठेत दहा माणसांना विचारा, नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसेल. मोबाइल, मोटारसायकल, पीक, जीव, सगळ्याचा विमा विकायला माणूस दारात येतो, घराचा विकायला येत नाही. जो येतो तो गृहकर्जाच्या वेळी येतो आणि ‘सोबत विमा केला आहे’ म्हणून सही घेऊन जातो. पाणी घरात शिरल्यावर त्या कागदाचा अर्थ कळतो. तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो, घराचा नव्हेच! किंवा घराचा असलाच तर नुसत्या भिंतींचा, बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून काढलेला. बाईच्या गव्हाचा, गादीचा, मशीनचा त्यात शब्द नाही. ही दिशाभूल आहे, आणि कर्ज मंजूर होण्याच्या आनंदात असलेल्या माणसाची ती केली जाते म्हणून ती अधिक नीच आहे.

समजा, खरी पॉलिसी आहे. मग सुरू होतो साफसफाईचा तो क्रूर पेच, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. सर्वेक्षक येईपर्यंत काही हलवू नका, फेकू नका, असा फोन येतो. घरात लहान पोर आहे, म्हातारी सासू आहे, गाळात विंचू निघतो आहे, संडासाचं पाणी स्वयंपाकघरात आलेलं आहे, लेप्टोस्पायरोसिसचं भय आहे. आणि हलवू नका? बाईने गाळ काढला, गाद्या फेकल्या, भिंती धुतल्या, तर ‘नुकसान दिसत नाही’. नाही काढला, तर ‘तुम्ही नुकसान वाढू दिलं’. स्वच्छ केलं तरी हात रिकामा, घाण ठेवली तरी हात रिकामा. आम्ही साफ सांगतो: आरोग्य आधी. गाळ काढा, ब्लीचिंग टाका, विहीर निर्जंतुक करा, ओली स्विचबोर्डं वायरमनने पाहिल्याशिवाय मेन स्विच वर करू नका, भिजलेल्या गाडीला किक मारू नका. सुरू करताना इंजिनात पाणी गेलं तर कंपनी तेवढाच मुद्दा धरून इंजिनाचे पैसे नाकारते. पण झाडू उचलण्याआधी मोबाइल उचला. भिंतीवरची रेघ, ड्रममधला गहू, फ्रीजच्या मागची नंबराची पट्टी, प्रत्येक खोली. पाच मिनिटं लागतात. आणि त्या पाच मिनिटांच्या चित्रणाला पुरावा मानणं विमा कंपनीवर आणि तहसीलवर बंधनकारक करा!

गाळ काढण्याच्या खर्चाचं ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत काय आहे? मलबा हटवायला मंजूर दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत. पन्नास हजारांचा दावा मंजूर झाला तर एक हजार रुपये. दोन मजुरांची एका दिवसाची मजुरीही धड निघत नाही, आणि घोटाभर गाळ एका दिवसात निघत नाही.

विमा नियामकाने 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की सर्वेक्षक 24 तासांत नेमा, कागद नाहीत म्हणून दावा फेटाळू नका. हे पूरग्रस्ताने तोंडपाठ करावं आणि प्रत्येक अर्जात लिहावं. तरी दावा नाकारला, तर दाद मागायची विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, उत्तम. पण वर्धेचा माणूस ज्याच्या कक्षेत येतो ते लोकपाल कार्यालय पुण्याला! सेलूपासून उपराजधानी पन्नास-साठ किलोमीटरवर असताना पैलतीरावरचं पुणं कशाला? नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसतं, आणि बुडालेल्या गाद्यांचा न्याय करायला एक खोली मिळत नाही?

आणखी एक गोष्ट, जी ऐकून संताप अनावर होतो. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला. चांगलं केलं. घराच्या विम्यावर तो 18 टक्के कायम! म्हणजे गरीब माणसाने स्वतःहून शहाणपणा करून घर सांभाळायचं ठरवलं तर सरकार आधी त्यात हात घालतं आणि पूर आल्यावर 2,500 रुपये टेकवतं. फ्रान्सने 1982 सालीच कायदा केला: घराचा विमा घेतला की नैसर्गिक आपत्तीचं संरक्षण त्यात आलंच, सगळ्यांना एकाच दराने, नदीकाठच्यालाही. आपल्याकडे घरटॅक्स प्रत्येक घर भरतं. त्याच पावतीत राज्याने सामूहिक घरविमा का घालू नये? एका रुपयात पीकविमा चालवून पाहणाऱ्या राज्याला हे अशक्य म्हणण्याचा अधिकार नाही.

खोटे दावे होतील, असं म्हणतात. होत असतील. पण एकाच गल्लीतल्या पंधरा घरांच्या भिंतींवर एकाच उंचीला गाळाची रेघ आहे. पंधरा कुटुंबांनी रात्रीतून ठरवून भिंती रंगवल्या का? पुरावा भिंतीवर आहे, बघायची इच्छा हवी.

म्हणून सेलू नगरपंचायतीने मुंबई-दिल्लीची वाट पाहू नये. दोन दिवसांची अट कायमची काढा, घरविम्यावरचा कर काढा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत करून पाठवावा. आणि पुढचं पाणी उतरेल त्याच दिवशी कर्मचारी पाठवून प्रत्येक सखल गल्लीतल्या विजेच्या खांबावर पाण्याची उंची, तारीख आणि वेळ रंगाने लिहावी. एक डबा पांढरा रंग आणि एक ब्रश, इतकाच खर्च आहे. नगरपंचायतीने नाही केलं तर गल्लीतल्या पोरांनी करावं. आणि साहेब पुरावा मागायला आला की त्याला उंबऱ्यावरून उचलून त्या खांबाशी नेऊन उभं करावं.