सप्टेंबरमधलं रक्त मे महिन्यात चालत नाही

क्रांती चौकात आपण बहुतेक वेळा काहीतरी मागायला जमतो. मोर्चा इथून निघतो, विभागीय आयुक्त कार्यालयावर जातो, निवेदन देऊन पांगतो. म्हणून ईद-ए-मिलादचं रक्तदान शिबिर या चौकाजवळ घ्यायचं ठरलं तेव्हा मला ते मनापासून आवडलं. 1857 मध्ये बंड केलेल्या घोडदळाच्या सैनिकांना जिथे मृत्युदंड दिला गेला, तो काला चबुतरा याच परिसरातला. या जागी आपली मुलं मागायला नाही, द्यायला उभी राहणार होती. मंडप भरला, फोटो चांगले आले. सूरह माइदातली ती आयत बॅनरवर होतीच. (ती कोणत्या शिबिरात नसते?)

दुपारी रक्तपेढीचे तंत्रज्ञ म्हणाले, "आता थांबवा. इतक्या पिशव्या घेऊन आम्ही करायचं काय?" त्या वर्षी मिलाद आणि गणेशोत्सव एकत्र आले होते. मंडळांची शिबिरं, आपली शिबिरं, त्याआधीची 15 ऑगस्टची, सगळी तीन-चार आठवड्यांत. रांगेतल्या मुलांना आम्ही शरबत पाजून घरी पाठवलं.

पुढच्या मे महिन्यात माझ्या खालाच्या नातवासाठी मी रात्री अकरा वाजता फोन लावत बसलो होतो. पोराला थॅलेसेमिया आहे. अशा मुलांना साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. आमच्या शिबिरातली निम्मी मुलं सुट्टीत गावी गेलेली, उरलेल्यांचे नंबर आमच्याकडे नव्हते. नावं लिहून घेतली होती, पण तो कागद रक्तपेढीकडे गेला आणि आम्ही फोटो घेऊन घरी आलो.

चूक रक्तपेढीची नव्हती, आमची होती. पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं. तांबड्या पेशी वेगळ्या करून खास द्रावणात ठेवल्या तर 42. प्लेटलेट पाचच दिवस. म्हणजे सप्टेंबरात कितीही उत्साह दाखवला, तरी त्यातली एकही तांबडी पेशी मे महिन्यातल्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. एप्रिल-मे मध्ये परीक्षा, मग सुट्ट्या, मग लग्नं. कॉलेजं बंद, शिबिरं बंद. त्यात गेली काही वर्षं रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतोय. रोजे ठेवून दिवसा रक्त देणं तब्येतीला बरं नाही आणि रोजा राहतो की तुटतो, यावर उलमांचीही मतं वेगळी आहेत. त्या वादात पडायचं कारण नाही. इफ्तार आणि तरावीह उरकल्यावर, पोटात अन्न-पाणी असताना शिबिर घेता येतं. रक्तपेढीशी आधी बोलून वेळ ठरवावी लागते, एवढंच.

तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला एकच प्रश्न विचारायचा: तुम्हाला कधी आणि किती पिशव्या हव्यात? आम्ही तो विचारलाच नव्हता. बॅनरवर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे यावर मात्र दोन बैठका झाल्या. पुरुषाला दर 90 दिवसांनी आणि स्त्रीला 120 दिवसांनी रक्त देता येतं. शंभर जणांची यादी असेल तर एका दिवशी शंभर पिशव्या भरण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी पंचवीस भरलेल्या बऱ्या.

आणि माणसं ग्रुपवर येत नाहीत. "ओ निगेटिव्ह तातडीने हवे" हा मेसेज आपण सगळेच पुढे ढकलतो. कधी तो सहा महिन्यांपूर्वीचा असतो, रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो. शिबिराच्या मेसेजवर अंगठे येतात, माणसं येत नाहीत. नाव घेऊन फोन केला की येतात. सिल्लेखान्यातला एक पोरगा मला म्हणाला, "मेरेको किसी ने पूछाच नहीं." तो तेव्हापासून तीनदा आलाय.

हेल्मेट, बॅग, टिफिन वाटून गर्दी जमवणं मला पटत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1998 पासून देशात बंदी आहे, आणि त्यामागचं कारण भेटवस्तूलाही लागू पडतं. वस्तूच्या आशेने आलेला माणूस फॉर्मवर कावीळ लपवतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या चाचण्या होतात, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीतून निसटू शकतो. तिथे रुग्णाला वाचवतो तो दात्याचा खरेपणा. आपल्या मुलांसाठी एक खास सूचना: नुकताच हिजामा करून घेतला असेल तर डॉक्टरांना सांगा. त्वचेवर चिरे पडलेले असतात, ते टॅटूसारखंच विचारात घेतात. थांबा म्हणाले तर थांबा, त्यात कमीपणा नाही.

मुलींबद्दल मात्र आपण बोलतच नाही. आमच्या मंडपात पडदा नव्हता, महिला डॉक्टर नव्हती, आणि मग "आपल्या मुली येत नाहीत" असं आम्हीच म्हणत होतो. नंतर एका कॉलेजजवळ खोली घेऊन, महिला डॉक्टर बोलावून छोटं शिबिर घेतलं. मुली आल्या, अम्मींना घेऊन आल्या. बऱ्याच जणी हिमोग्लोबिनवर अडल्या, कारण किमान 12.5 लागतं आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर आम्ही जेवतो, सर." तिच्या अम्मी शेजारीच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी दोघींना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. चार महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली. हिमोग्लोबिन 12.6 भरलं आणि तिने हट्टाने पिशवी स्वतःच्या हातात धरून फोटो काढून घेतला. तेवढा एक फोटो मी जपून ठेवलाय.

पुढचं शिबिर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. रक्तपेढीने तीस पिशव्या मागितल्या आहेत, त्यामुळे मंडप नाही, एक हॉल पुरे. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो. उपाशी येऊ नका. जुम्याच्या नमाजनंतर आम्ही यादी घेऊन फोन करायला बसतोय. अनोळखी नंबर दिसला तर उचला.