आईचा सर्किट कोण?

तर मंडळी, शनिवारची रात्र. सिडकोतला आमचा टू बीएचके. सोफ्यावर मी आडवा, खाली गादीवर धाकटे बंधुराज, खुर्चीत बाबा आणि टीव्हीवर ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’. २००३ सालचा हा पिक्चर आमच्याकडे गणपतीच्या आरतीसारखा आहे. सगळ्यांना पाठ, तरी लागला की सगळे हजर. मुन्नाला डिसेक्शनसाठी ‘बॉडी’ हवी असते आणि सर्किट एका परदेशी टुरिस्टालाच उचलून आणतो, तो सीन चालू होता. आम्ही तिघंही नेहमीच्याच जागी, नेहमीइतकंच खिदळत होतो.

आई जमिनीवर बसून मटार सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘ह्या मुन्नाचं काय जातंय कॉलेजात जायला? त्याला सर्किट आहे.’’

बस्स, एवढंच. मग ती मटारची टरफलं उचलून आत गेली. आम्ही पुढच्या जोकला हसलो. पण बॉस, माझं हसू जरा उशिरा आलं.

बॅकग्राउंड सांगतो. आमच्या मातोश्री वय वर्षं ५१. बारावी झाल्या झाल्या लग्न, मग मी, मग बंधुराज, मग आजीचं आजारपण. गेल्या वर्षी तिने गुपचूप मुक्त विद्यापीठाचा एफ.वाय.बी.ए.चा फॉर्म भरला. आपल्या नाशिककरांना हे विद्यापीठ कसं माहीत असतं? गंगापूर धरणावर पार्टीला जाताना लागतं ते. गाडी साठच्या स्पीडने पुढे निघून जाते. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ म्हणजे ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांच्यासाठी उघडलेलं दार. रोज वर्गात बसायची सक्ती नाही, पुस्तकं घरी वाचायची, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रांना जायचं आणि परीक्षा द्यायची. ब्रीदवाक्यच ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

ज्ञानगंगा घरी आली तेव्हा आम्ही काय केलं? धम्माल केली. बाबांनी आईचं नाव ‘कॉलेजकुमारी’ ठेवलं. बंधुराजांनी तिचा पाठीला सॅक लावलेला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यावर मामा-मावश्यांचे हसून रडणारे बत्तीस चेहरे आले. मी तर सॉलिड पीजे मारला, ‘‘आई, रॅगिंग झालं तर सांग, मी येतो.’’ तीही हसली. ती नेहमीच हसते.

संपर्कसत्राच्या रविवारी ती पाचला उठायची. पोळ्या, भाजी, वरण, भात, शिवाय आमच्या नाश्त्याचे पोहे झाकून ठेवून साडेनऊला निघायची. आम्ही दहाला उठून पोहे गार आहेत म्हणून कुरकुरायचो.

मग परीक्षा आली. अर्थशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री आत्याचा फोन, सकाळी आम्ही सहाजण येतोय, साखरपुड्याची खरेदी आहे. आईने पेपर दिला नाही. पुरणपोळी केली. आत्या म्हणाली, वहिनी, तुझ्या हातची चव काही औरच. मला हे सगळं माहीत होतं. त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या आणि ‘पेपरचं काय झालं?’ हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही.

त्या शनिवारी रात्री झोप येईना. डोक्यात एकच किडा, सर्किट. मग मोठी माणसं पुन्हा शाळा-कॉलेजात जातात असे जेवढे कॉमेडी पिक्चर आठवले, तेवढे एकेक करून चाळले. यार, फंडा अगदी क्लिअर निघाला. ह्या सगळ्या हीरोंना सर्किट असतो!

ॲडम सँडलरचा ‘बिली मॅडिसन’ घ्या. १९९५ चा पिक्चर. हॉटेलवाल्या श्रीमंत बापाचं हे वाया गेलेलं पोर. बिझनेस मिळवायचा तर पहिली ते बारावी पुन्हा पास करायची, प्रत्येक इयत्तेला दोन आठवडे. पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना हा घोडा डॉजबॉलमध्ये बॉल हाणतो, आपण लोळून हसतो. पण घरी बंगला, मोलकरीण. डबा कोण भरतं हा प्रश्नच नाही.

त्याआधीचा, १९८६ चा ‘बॅक टू स्कूल’. रॉडनी डेंजरफील्ड मुलाच्या कॉलेजात स्वतःच ॲडमिशन घेतो. कशी? कॉलेजला बिल्डिंग बांधून देऊन! होमवर्कला पगारी माणसं. कर्ट व्हॉनेगट ह्या लेखकावर पेपर लिहायचा, तर साक्षात व्हॉनेगटलाच तो लिहायला बोलावतो. बाईंचा शेरा काय, तर ज्याने हे लिहिलंय त्याला व्हॉनेगट अजिबात कळलेला नाही. जाम भारी जोक आहे. पण पुन्हा तेच, ह्याला एक नाही, पगारी सर्किटांची फौज आहे.

आणि मुन्ना? त्याची एंट्रन्स दुसराच देतो, बाकीचं सगळं सर्किट बघतो. मुन्नाने फक्त जादू की झप्पी द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, पिक्चर सोड रे, खऱ्या आयुष्यात बघ. बघितलं. आणि लांब कशाला, आपल्याच गावात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. चाळिशीत ह्या माणसाला सिनेमाचं वेड लागलं आणि १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून हा गृहस्थ चित्रपट बनवायला शिकायला लंडनला गेला. बायको-पोरं मुंबईत. म्हणजे चाळिशीतला बापच शाळेत! परेश मोकाशींनी ह्यावर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला, भारतातर्फे ऑस्करला गेलेला. चाळकऱ्यांना वाटतं फाळके वेडे झाले, घरातलं सामान विकलं जातंय आणि नंदू माधवांचा फाळके उड्या मारतोय. आख्ख्या घराने एकत्र बसून हसावा असा पिक्चर.

पण त्यात विभावरी देशपांडेने केलेली सरस्वतीबाई नीट बघा. खऱ्या सरस्वतीबाईंनी दागिने दिले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी आख्ख्या युनिटचा स्वयंपाक केला. शिवाय फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हेही शिकून घेतलं. फाळक्यांनी पैसेवाल्यांना पटवायला आधी एक इटुकली फिल्म केली होती, वाटाण्याचं रोप कसं उगवतं त्याची. मला मात्र राहून राहून आईच्या ताटातले मटार दिसत होते. सरस्वतीबाई ह्या आपल्या सिनेमाच्या पहिल्या सर्किट. स्मारक मात्र मुन्नाचं होतं.

म्हणजे प्रॉब्लेम मोठ्या माणसाने बाकावर बसण्यात नाहीच. लहान बाकात अडकलेला मोठा माणूस बघून हसू येणारच, यावं. प्रॉब्लेम असा की जी आयुष्यभर चार माणसांची सर्किट होती, ती मुन्ना व्हायला निघाली की बाकीचे तिघं प्रेक्षक होतात.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने हे ओळखलं होतं. तिथे २०१६ च्या महिला दिनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठीच्या पुढच्या आज्या निघाल्या. फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले. मला आवडली ती शाळेची वेळ. दुपारची, घरातली कामं उरकल्यावरची. आणि घरी अभ्यास घ्यायला नातवंडं. शाळेने आज्यांकडे बघून टाइमटेबल लावलं. आमच्या घराने आईकडे बघून साधा पोह्यांचा टाइम बदलला नव्हता.

तर पुढच्या संपर्कसत्राच्या रविवारी मी घरात जाहीर केलं, आजपासून किचन आपलं. बाबा म्हणाले, ‘‘सातपूरला तीस वर्षं मशीन चालवलंय, कुकर म्हणजे काय!’’ मंडळी, खरी स्लॅपस्टिक कॉमेडी हिच्यापुढे पाणी भरेल. बाबांनी डाळीत पाणी इतकं घातलं की शिट्टीतून वरणाचं कारंजं थेट छतावर. ते पुसायला बंधुराज स्टुलावर चढले आणि कणकेच्या परातीत उतरले. माझी पहिली पोळी श्रीलंकेसारखी झाली, दुसरी त्याहून लहान बेटासारखी. शेवटी कॉलेज रोडवरून मिसळ मागवली.

दीड वाजता आई परत आली. दारात उभी राहून तिने छताकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, बाबांच्या डोक्यावरच्या डाळीकडे पाहिलं. आणि पोट धरून हसली. वर्षभर आम्ही तिच्यावर हसलो होतो, ते सगळं तिने व्याजासकट वसूल केलं. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘‘एफ.वाय.ची मुलं. नापास.’’

पण त्यानंतर आम्ही गळलो नाही, हे महत्त्वाचं. आता बाबांचं वरण खाण्यालायक होतं. भांडी बंधुराजांकडे. पाहुण्यांच्या फोनला मी उत्तर देतो, ‘‘आत्या, जरूर ये, पण आईची परीक्षा झाल्यावर.’’ पहिल्यांदा आत्या दोन सेकंद गप्प झाली, मग म्हणाली, ‘‘अरे, मग आधी सांगायचं नाही का?’’

मागच्या महिन्यात अर्थशास्त्राचा राहिलेला पेपर होता. ऑफिसमध्ये हाफ डे टाकला. बॉसने कारण विचारलं, म्हटलं, ‘‘आईला परीक्षेला सोडायचंय.’’ त्याला वाटलं मी उलटं बोललो. ॲक्टिव्हावर मागे बसून आई माझ्या पाठीवर बोटाने मागणीचा वक्र काढत होती, चुकला की पुसून परत काढत होती. तीन तास मी गेटबाहेर झाडाखाली बसलो, मांडीवर डबा. शेजारी आणखी एक आजोबा बसले होते. म्हणाले, ‘‘सूनबाईंचा पेपर आहे.’’ त्यांच्याही मांडीवर डबा होता. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. सर्किट लोकांना एकमेकांची ओळख लगेच पटते.

आई बाहेर आली ती बोटांवर शाई घेऊन. पेपर कसा गेला हे मी विचारलं, ह्यावेळी विचारलं. म्हणाली, ‘‘पाचवा प्रश्न थोडा राहिला. भूक लागलीय, डब्यात काय?’’

‘‘पोहे,’’ मी म्हटलं. ‘‘गार आहेत.’’

‘‘चालतील,’’ ती म्हणाली आणि तिथेच, झाडाखाली, उभ्यानेच सगळे संपवले.

रिझल्ट अजून लागायचाय. तोवर वीकएंडला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढा, घरच्यांना बोलवा, खूप हसा. फक्त पिक्चर संपल्यावर जरा आजूबाजूला बघा. घरात कुणी मटार सोलत असेल तर तिच्या कपाटात एखादा भरलेला किंवा भरायचा राहिलेला फॉर्म आहे का, विचारा. असला तर वरण कसं लावतात ते शिकून ठेवा. झाकण मात्र नीट लावा. छत पुसायला जाम त्रास होतो.