माशा मारण्याचा उद्योग नव्हे

प्रयोगशाळेंत माशा पाळून त्यांच्या अंगीं चमक आणणाऱ्या शास्त्रज्ञांस ‘हे माशा मारीत बसले आहेत’ असें हंसण्याची आपल्यांत चाल आहे. हा उपहास अस्थानीं आहे, असें आमचें मत आहे.

आंबा-पेरू नासविणारी फळमाशी ती ही नव्हे. पिकून उतरलेल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणारें बारीक चिलट तें हें. त्याची पिढी सुमारें दहा दिवसांत तयार होते, म्हणून आनुवंशाच्या अभ्यासास तें सोईचें. न्यूयॉर्क येथें मॉर्गन यांनीं १९१० सालीं पांढऱ्या डोळ्यांचें चिलट हेरलें, तेव्हांपासून ही परंपरा चालत आली आहे.

परंतु जनुक शरीरांत कोठें व केव्हां काम करतें, हें डोळ्यांस दिसत नाहीं. जेलीफिश नामक समुद्रजीवांत निळ्या प्रकाशांत हिरवें चमकणारें एक प्रथिन असतें. त्याचें जनुक १९९४ सालीं चिलटाच्या जनुकास जोडण्यांत आलें. तेव्हांपासून, मूळ जनुक जेथें जागें होतें तेथें चमक दिसूं लागली. पाटाच्या पाण्यांत रंग टाकून तें कोणत्या वाफ्यांत जातें हें पाहावें, तसाच हा प्रकार. मग एखादें जनुक बंद करून चमकणाऱ्या पेशींत काय बिघडतें हें पाहिलें, कीं त्याचें कार्य उमगतें. या प्रथिनाच्या संशोधनास २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

शेतकऱ्यास याचा लाभ काय? कीटकाच्या बीजांत परकें जनुक घालण्याची विद्या १९८२ सालीं प्रथम या चिलटावरच साधली. पुढें अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत २००६ ते २००८ या काळांत चमकती खूण असलेले गुलाबी बोंडअळीचे वांझ पतंग कपाशीवर सोडण्यांत आले. सांपळ्यांतील पतंग सोडलेला कीं रानचा, हें अशा खुणेनें कळतें. २०१८ सालीं तेथील सरकारनें कपाशीच्या प्रदेशांतून ही अळी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. श्रेय एकट्या चमकेचें नव्हे. बीटी कपाशी, वांझ पतंग व कामगंध यांच्या एकत्र योजनेचें आहे.

विदर्भांत मात्र याच अळीनें २०१७ सालीं कपाशीची दैना केली. म्हणून आमचें सांगणें असें कीं, बांधवांनीं अशा संशोधनास हंसूं नये. तें आपल्या कपाशीच्या उपयोगीं आणावें, असा कृषि विद्यापीठांकडे आग्रह धरावा. असा कीटक शेतांत सोडण्यापूर्वीं त्याची पुरी व उघड परीक्षा व्हावी, हेंही तितक्याच निक्षून सांगावें.